थट्टेचं नातं

५ सप्टेंबर

आली. मला वाटलं होतं ऐन वेळी कच खाईल. पण आली. डोक्याला निळा रुमाल, खांद्यावर पिशवी, खारफुटीच्या चिखलात गुडघ्यापर्यंत लडबडलेली. मी आधीच होडीत बसलेलो. मला पाहून तिने कपाळाला हात लावला.

"तू इथे काय करतोयस, लातीर?"

"तू करतेस तेच."

"मी बहिणीकडे चाललेय. स्पेनला. तुझं कोण आहे तिथे?"

तू पोचलीस की होईल कोणीतरी — ओठांवर आलं होतं. गिळलं. माणसं ऐकत होती.

आईला वाटतंय मी डाकारला परीक्षेचा अभ्यास करतोय. कायद्याचं दुसरं वर्ष. मार्चमध्येच सोडलं मी. दिबोर जाणार हे कळल्यावर कसलं कलम अन् कसला कायदा! गावी, जोआलला परत आलो, तिच्या मासे सुकवायच्या ओट्याभोवती घिरट्या घालत राहिलो, तिच्या भावाशी एकदा हाणामारीही केली. ती मात्र ढिम्म. धुरात डोळे चोळत मासे उलटायची आणि म्हणायची, "सरक, सावली पडतेय."

होडी लांबलचक, रंगवलेली, नाकाडावर दोन डोळे काढलेले. माणसं मुठीत खजूर दाबावेत तशी दाबलेली. बायका मध्ये, ताडपत्रीखाली. माझ्या शेजारी एक दांडगा माणूस आहे, दक्षिणेकडच्या कासामान्सचा, जोला जमातीचा. नाव अन्सुमाना. उंच तेलताडांवर चढून घड उतरवायचा म्हणे. माझं आडनाव फाय म्हटल्यावर मांडीवर थाप मारून म्हणाला, "अरे, हा तर माझा गुलाम! मालकाच्या आधी येऊन जागा धरून बसलाय!"

सगळे हसले, मीही हसलो. आम्ही सेरेर, ते जोला. आमचं थट्टेचं नातं. कोणे एके काळी दोन बहिणी होडीतून चालल्या होत्या, वादळात होडी मधोमध फुटली, एक बहीण उत्तरेला लागली, एक दक्षिणेला. आम्ही एकीची लेकरं, ते दुसरीची. एकमेकांना वाटेल ते बोलावं, राग धरायचा नाही. जिवाला मात्र हात लावायचा नाही. त्याला आमच्याकडे माफी नाही.

मीही सोडलं नाही. "गुलाम कसला? तूच आमचा पळालेला चाकर. आणि जपून बसा रे सगळे. पोट बघा याचं! हा जीवखाऊ आहे. दिसायला माणूस, पण शेजारी बसून गुपचूप तुमचा जीव कुरतडेल."

"तुझा नाही कुरतडणार," अन्सुमाना म्हणाला. "नुसती हाडं. दातात अडकतील."

ताडपत्रीखालून दिबोर हसली. खळखळून. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्यामुळे हसली.

६ सप्टेंबर

समुद्र. किनारा दिसत नाही. सगळे ओकतायत. मी सकाळपासून चार वेळा. अन्सुमानाला काही होत नाही. त्याने स्वतःचा भात खाल्ला, माझा खाल्ला, मागच्या फळीवरच्या दोघांचाही संपवला आणि बसल्या जागी घोरायला लागला.

कप्तान अलासान सेंलुई बंदराचा. दंडाला चामड्याचे ताईत, गळ्यात ताईत, कमरेलाही. मराबूने, त्याच्या पीरबाबाने, मंतरून दिलेलं पाणी बाटलीतून होडीच्या चारी कोपऱ्यांवर शिंपडलं. सालिऊ काका नमाज पढवतात. पांढरी दाढी, खणखणीत आवाज. मुलगा फ्रान्समध्ये आहे, त्याच्याकडे जायचंय.

मी म्हणालो, "बघा, बघा. सगळ्यांची आतडी बाहेर यायला लागलीत आणि हा लठ्ठ होतोय. जीवखाऊला भात कशाला लागतो? वरचं तोंड नुसतं दाखवायला!"

हशा. कप्तानही हसला. दिबोरही, ओकता ओकता.

७ सप्टेंबर

संध्याकाळी तिच्याजवळ जाऊन बसलो. म्हणाली, "कॉलेज माझ्यासाठी सोडलंस असं गावात सांगत होतास म्हणे."

"खरं आहे ते."

"खरं असलं तरी सांगायचं नाही. माझ्या डोक्यावर का ठेवतोस? मी म्हटलं होतं का सोड म्हणून?"

डोकं फिरलं माझं. म्हणालो, तुझ्यासाठी माणूस जीव देईल आणि तुला डोक्यावरचं ओझं वाटतं. ती म्हणाली, "जीव देऊ नकोस. जरा सरक. हिला झोपू दे." शेजारी मारियामा नावाची बाई होती, पोटुशी.

तरी सांगतो, ती सरक म्हणाली ते रागाने नाही म्हणाली.

९ सप्टेंबर

एक इंजिन कालच बंद पडलं होतं. आज दुसरं. पेट्रोलच्या पिंपांत पाणी निघालं. कोणीतरी विकताना मिसळलं, किंवा लाटांचं आत गेलं. कप्तान म्हणतो पहिलं, लोक म्हणतात दुसरं. खूप आरडाओरडा. गस्तीची जहाजं चुकवायला कप्तानाने होडी फार खोल समुद्रात आणली होती. आता प्रवाह आम्हाला आणखी पश्चिमेकडे ओढतोय. पश्चिमेला काय आहे, मी विचारलं.

"काही नाही," कप्तान म्हणाला. "ब्राझील."

कोणी हसलं नाही. तो थट्टा करत नव्हता.

११ सप्टेंबर

पाणी आता बाटलीच्या झाकणाने देतात. सकाळी एक, संध्याकाळी एक. बिस्किटं भिजून लगदा झालीत. फोन सगळे मेले.

ऊन असं की ताडपत्रीला हात लावला तर भाजतं. अन्सुमाना तरीही झोपतो. त्याला झोप येते कशी? मी विचारलं तर म्हणाला, "ताडावर असताना खाली बघायचं नाही आणि घाई करायची नाही. इथेही तेच." मग डोळा मारून, "आणि माझा गुलाम जागा आहे की पहाऱ्याला."

मी सवयीने म्हणालो, "झोपतोय कुठला, चरतोय. जीव चरतोय आमचे."

कोणीच हसलं नाही. मागच्या फळीवरचा एकजण मात्र मान वळवून अन्सुमानाकडे बघत राहिला. बराच वेळ. दिबोर हळूच म्हणाली, "आता पुरे, लातीर."

१३ सप्टेंबर

मासाम्बा गेला. थिएसचा खाटीक, माझ्याहून दुप्पट अंगाचा. चोरून समुद्राचं पाणी प्यायला होता. काल दुपारपासून बरळत होता: छातीवर कोणीतरी बसलंय, उठवा त्याला, माझं काळीज खातोय तो. दिबोरने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, स्वतःच्या वाट्याचं झाकण त्याच्या ओठांना लावलं. तिच्या मांडीवरच गेला.

सालिऊ काकांनी नमाज पढली. अंघोळ घालायला गोडं पाणी नाही, म्हणून होडीच्या लाकडावर हात घासून त्याच्या तोंडावरून फिरवले. मग त्याला सोडलं. लगेच बुडाला नाही. होडीबरोबर तरंगत राहिला, जणू अजून पोचायचंय त्याला.

१४ सप्टेंबर

काळीज खातोय तो. मासाम्बाचं हे वाक्य सगळ्यांना पाठ झालंय. कोणी मोठ्याने बोलत नाही.

१५ सप्टेंबर

कप्तानाचा भाऊ इब्रा आजारी आहे. धिप्पाड गडी. आता ओठ फुटलेत, डोळे खोल गेलेत. दिबोर त्याच्याजवळ बसून असते. तिला कोणी सांगितलं नाही. ती तशीच आहे. अन्सुमाना आपल्या वाट्याचं झाकण तिच्याकडे सरकवतो, "त्याला दे, मला चालतं." त्याला खरंच चालतं. तेच तर भयंकर आहे. बाकीचे वाळून चाललेत आणि हा ताडासारखा उभाच.

आज सालिऊ काका नमाजनंतर म्हणाले, "होडी आपोआप थांबत नाही. आपल्यातल्या कोणीतरी सैतानाला दार उघडलंय."

मी भडकलो. म्हणालो, "काका, पेट्रोलमध्ये पाणी होतं. दार कसलं आणि जीवखाऊ कसला? अशा गोष्टी असत्या तर—"

कप्तान मध्येच म्हणाला, "कॉलेजात नसतील. समुद्रात असतात. आणि हा शब्द होडीत पहिल्यांदा कोणी आणला? तूच ना?"

"ती थट्टा होती."

"हो का," कप्तान म्हणाला. एवढंच.

१६ सप्टेंबर

इब्रा गेला. पहाटे. कप्तान रडला नाही, ते जास्त वाईट वाटलं.

दिवसभर कुजबुज. मला वाटलं अन्सुमानाबद्दल आहे. मग मारियामा दिबोरच्या शेजारून उठली आणि दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. पोट धरून, फळ्या ओलांडत. मग दुसरी बाई उठली. ताडपत्रीखाली दिबोर एकटी. तेव्हा समजलं.

सालिऊ काका म्हणाले, "मासाम्बा कोणाच्या मांडीवर गेला? इब्राला पाणी कोण पाजत होतं?"

 

मी तिच्याजवळ गेलो. म्हणालो, "कोणाला हात लावू नकोस आता. कोणाला पाणी देऊ नकोस. माझ्यासाठी."

"मग त्यांना देणार कोण?" म्हणाली. तिला अजून समजलंच नाहीये. की समजलंय आणि ती तशीच आहे?

अन्सुमानाने मला बाही धरून खाली बसवलं. थट्टेचा आवाज नव्हता. "तिला माझ्या मागे आणून बसव, पोरा. माझ्या अंगावरून कोणी यायचं नाही. ही माणसं वाईट नाहीत, तहानलेली आहेत. एक पाऊस पडला की लाजतील."

आणून बसवलं. ती त्याच्या रुंद पाठीला टेकून झोपली. मला तेही सहन झालं नाही. खरं लिहितो. अशा वेळीही वाटलं, माझ्या पाठीला का नाही.

१७ सप्टेंबर

ऊन डोक्यावर होतं. कप्तान, सालिऊ काका आणि मागच्या फळीवरचे दोघे उठले. एकाच्या हातात नांगराची दोरी. सरळ आमच्याकडे आले. दिबोर उठून बसली. ओरडली नाही. रुमाल सुटला होता तो नीट बांधला.

अन्सुमाना बसल्या जागेवरून म्हणाला, "बसा, भावांनो. ऊन लागलंय तुम्हाला."

मी मध्ये उभा राहिलो. "तिला हात लावलात तर—"

"तर काय?" कप्तान म्हणाला. "तुझ्यात माशी हाकलायची ताकद नाही. बाजूला हो. आम्हाला हौस आहे का? माझा भाऊ गेला. उद्या तू जाशील."

"ती नाहीये!"

"मग कोण?"

या प्रश्नाला 'कोणीच नाही' हे उत्तर बसत नव्हतं. तेवढी फट त्यात नव्हती. मी शोधली. शोधली का? दोरी माझ्यापासून हातभर होती आणि माझ्या मागे दिबोरचा श्वास ऐकू येत होता.

"हा," मी म्हणालो. "पहिल्या दिवसापासून सांगतोय मी. तुम्ही हसत होता. आम्ही सेरेर, आम्हाला यांच्यातलं दिसतं. थट्टा नव्हती ती."

अन्सुमाना हसला. अगदी मोकळा. "शाब्बास रे गुलामा! मरायला टेकला तरी जीभ शाबूत आहे." मग त्याने दोरी बघितली. त्यांचे चेहरे बघितले. सगळ्यांत शेवटी माझा.

"सांग यांना," तो हळू म्हणाला. "यांना आपलं नातं नीट माहीत नसेल. समजावून सांग, पोरा."

मी होडीच्या तळातल्या पाण्याकडे बघत होतो. त्यात एक बिस्किटाचा कागद तरंगत होता.

"ओकला नाही," मागून कोणीतरी म्हणालं. "एकदाही नाही."

"पाणी पीत नाही. वाटून टाकतो."

"झोपतो कसा बघा ना."

"पोराला पहिल्याच दिवशी दिसलं होतं," सालिऊ काका म्हणाले. "आपण आंधळे."

दिबोर ओरडत होती. खोटं बोलतोय तो, खोटं बोलतोय. कोणी ऐकलं नाही. मी तिला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. तिने माझ्या मनगटाला चावा घेतला. अजून ठणकतंय.

त्याने झटापट केली नाही. केली असती तर होडी उलटली असती. मला वाटतं, म्हणूनच त्याने हात आवरले. हे मी कोणाला सांगणार नाही.

पाण्यात पडल्यावर बराच वेळ पोहत बरोबर राहिला. खाडीकाठचा माणूस. एकदा होडीच्या कडेला हात लागला त्याचा. ज्या डब्याने आम्ही पाणी उपसतो त्या डब्याने बोटांवर मारलं. मी नाही मारलं. मागच्या फळीवरच्याने मारलं. मी कोणाला मारलं नाही, ढकललंही नाही. मी दिबोरला धरून बसलो होतो.

दूर राहिल्यावर त्याने हाक मारली. "लातीर." तोपर्यंत त्याने मला नावाने एकदाही हाक मारली नव्हती. मला वाटायचं, त्याला माझं नाव माहीतच नसेल.

१८ सप्टेंबर

पाऊस पडला.

काल संध्याकाळीच ढग आले आणि आज सकाळी धो धो. ताडपत्री पसरली, पाण्याची पिंपं भरली, लोक तोंडं वर करून प्याले. एकमेकांना मिठ्या मारल्या. सालिऊ काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "अल्लाने तुझ्या तोंडून बोलून घेतलं." कप्तानाने मला जवळ बसवलं, मोठ्या डब्यातलं पाणी दिलं, पोट दुखेपर्यंत. मारियामा परत दिबोरच्या शेजारी जाऊन बसली. जणू काही झालंच नाही.

एक पाऊस पडला की लाजतील, म्हणाला होता. कोणी लाजलं नाही.

दिबोर प्यायली. तोंड माझ्याकडे नव्हतं.

१९ सप्टेंबर

मी तिला गाठलंच. म्हणालो, "तुला टाकणार होते ते. तुला! एक जाणारच होता. मी नसतो बोललो तर आज तू—"

"मला माहीत आहे."

"मग?"

"मग काही नाही. मी जिवंत आहे, ते मला समजतं. तू काय केलंस, तेही समजतं. दोन्हींची मोट बांधून मला देऊ नकोस."

"मी तुझ्यासाठी केलं."

"मग त्याची हाक माझ्या नावाची असायला हवी होती. तुझ्या नावाची होती."

तिला कसं सांगू? वर्गात प्राध्यापक म्हणाले होते, जीव वाचवायला दुसरा मार्गच नसेल तर कायदा डोळेझाक करतो. त्यावर एक अख्खं प्रकरण आहे, पुढच्या सत्रात. पुढच्या सत्रात मी नव्हतो. त्या प्रकरणात काय अटी आहेत मला ठाऊक नाही. पण असणार काहीतरी. माझ्यासारख्यांसाठीच लिहिलेलं असणार ते.

दुसरा मार्ग होता का? अन्सुमाना बसला होता ना तिच्यापुढे. त्याच्या अंगावरून कोणी आलं असतं का? चौघं होते, सुकलेले. आम्ही दोघं. आम्ही दोघं म्हणजे तो आणि मी.

नको.

२० सप्टेंबर

आणखी एक गेला. मागच्या फळीवरचा, डब्याने बोटांवर मारणारा. ताप, थंडी, संपला. दिबोर त्याच्या जवळही गेली नव्हती. अन्सुमाना तर नव्हताच.

कोणी कोणाकडे बघत नव्हतं. सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट आणि ती उच्चारायची कोणाची छाती नव्हती. मग दिबोर उभी राहिली. ताडपत्रीची काठी धरून.

"आता कोण?" म्हणाली. "बोला ना, काका. आता कोणाला टाकायचं? लातीरला विचारा, त्याला दिसतं."

सालिऊ काका जपमाळ ओढत राहिले. कप्तान माझ्याकडे पहिल्यांदा असा बघत होता, की मी माझं अंग आक्रसून घेतलं. आज मी पाणी थोडंच प्यायलो. सगळ्यांना दिसेल असं ओकलो. बोट घालून.

२१ सप्टेंबर

जहाज. मासेमारीचं, मोठं, पांढरं. त्यांनी आम्हाला पाहिलंय, वळतंय. माणसं रडतायत, कपडे हलवतायत.

कप्तानाने सगळ्यांना खाली बसवलं. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं कुराण काढलं. "तो स्वतः उडी मारून गेला. डोकं फिरलं होतं. बाकी काही झालं नाही. एकेकाने हात ठेवा." स्वतः ठेवला. मग माझ्याकडे धरलं. ठेवला. मग सालिऊ काकांनी ठेवला. मारियामाने ठेवला. सगळ्यांनी.

दिबोरने हात मागे बांधले.

"मी जे पाहिलं ते सांगेन."

"पोरी, तुला तरी जिवंत ठेवलं ना आम्ही?"

"तेही सांगेन."

जहाज अजून लांब होतं. पोचायला वेळ होता. मागच्या फळीवरचा उरलेला एकजण आणि दुसरा एक उठून तिच्या दोन्ही बाजूंना जाऊन बसले. सहज बसावं तसे. कप्तान माझ्या कानाशी म्हणाला, "तुझं माणूस आहे ना ती? तू समजावतोस, की आम्ही?"

मी जाऊन तिच्यापुढे बसलो. तिच्या गुडघ्यांना पाठ लावून. तोंड त्यांच्याकडे करून. म्हणालो, "तिला धक्का लागला तर मीही सगळं सांगेन, पहिल्यापासून." जहाजाची शिडी लागेपर्यंत हललो नाही. बघितलं ना? करता येतं मला. त्या दिवशीही आलं असतं— पण त्या दिवशी जहाज नव्हतं.

शिडी चढताना तिने माझा हात धरला. पाय घसरला म्हणून असेल. पण धरला.

२२ सप्टेंबर

जहाजावर. ब्लँकेट, गोड चहा, मऊ पाव. खलाशी हळूहळू खा म्हणतात, हाताने खुणा करून. मी दिबोरला चहाचा कप नेऊन दिला. तिने घेतला. बसली माझ्या शेजारी. उठून गेली नाही.

मला वाटतं ती सांगणार नाही. दमलीय. एकदा जमिनीला पाय लागले की माणसं बदलतात. नवा देश, नवं सगळं. तिची बहीण मला आवडून घेईल. मी पुन्हा शिकायला लागेन, कायदाच.

खलाशी एका दुर्बिणीतून मागे बघत होते, आणखी कोणी पाण्यात राहिलंय का म्हणून. आमच्यापैकी कोणी तिकडे बघत नव्हतं.

२४ सप्टेंबर

बेटावर आणलंय. शाळेचं सभागृह, पायाखाली फरशी, प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली, हवं तेवढं पाणी. टेबलामागे एक साहेब आणि आमची भाषा बोलणारी एक बाई. सगळ्यांनी ठरल्याप्रमाणे सांगितलं. दिबोरने सगळं खरं सांगितलं. अन्सुमानाचं पूर्ण नाव, दोरी, डबा, माझं वाक्य जसंच्या तसं. तिने बोट दाखवलं नाही, माझ्याकडे नुसतं बघितलं. थोडं थांबली. मला वाटतं, मला खरं बोलायला जागा करून देत होती.

त्यावर साहेबाने अजून कोणाला काही विचारलंही नव्हतं. कप्तानाने खूणही केली नव्हती. मीच उठलो आणि म्हणालो, "साहेब, या मुलीने समुद्राचं पाणी प्यायलंय. तिला भास होतात. तिच्या बोलण्यावर जाऊ नका."

कप्तानाने मान हलवली. मग सगळ्यांनी.